समानार्थी कोश कसा वापरावा: लिहिणाऱ्यांसाठी एक पद्धत

शब्द अडला की आपण शब्दकोश उघडतो. तिथे शब्द हातात असतो आणि अर्थ शोधायचा असतो. समानार्थी कोश उलट्या दिशेने चालतो. अर्थ मनात असतो, त्याला नेमका बसणारा शब्द हाती लागत नाही. नागपुरात नव्याने लिहू लागलेल्यांचा मजकूर तपासताना मला वारंवार दिसतं, की असा कोश त्यांच्याजवळ असतो, मोबाइलवर तर असतोच. पण तो उघडला जातो साधा शब्द खोडून वजनदार शब्द बसवायला. ‘घर’ जाऊन ‘निवासस्थान’ येतं, ‘पाणी’ जाऊन ‘जल’ येतं, आणि चांगलं चाललेलं वाक्य सरकारी पत्रासारखं कडक होतं. हा कोश कधी उघडायचा, त्याला काय विचारायचं आणि मिळालेल्या उत्तराचं काय करायचं, हे शाळा-कॉलेजात सहसा कुणी शिकवत नाही. ते इथे क्रमाने मांडतो.

आधी कोशाची रचना ओळखा

समानार्थी कोश दोन प्रकारचे असतात. एक अकारविल्हे लावलेले: ‘आकाश’ काढा, पुढे नभ, गगन, अंबर, आभाळ. दुसरे विषयवार लावलेले. आपल्याकडे ही दुसरी परंपरा फार जुनी आहे. अमरसिंहाचा संस्कृत ‘अमरकोश’ तीन कांडांत आणि वर्गांत विभागलेला आहे. पाण्याशी संबंधित शब्द वारिवर्गात, झाडं-वनस्पती वनौषधिवर्गात, प्राणी सिंहादिवर्गात. विद्यार्थी तो श्लोकरूपात पाठ करत, त्यामुळे एक शब्द आठवला की त्याचे शेजारीही आठवत. इंग्रजीतला प्रसिद्ध थिसॉरस पीटर मार्क रोजे या डॉक्टरने १८५२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची मांडणीही कल्पनांनुसार होती: सहा मोठे वर्ग आणि त्यांखाली एक हजार शीर्षकं. परस्परविरोधी कल्पना त्याने शेजारी-शेजारी छापल्या. हिंदीत अरविंद कुमार आणि कुसुम कुमार यांचा ‘समांतर कोश’ १९९६ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढला, तोही विषयवारच आहे.

हे सांगण्याचं कारण व्यावहारिक आहे. विषयवार कोशात थेट शब्दावर उडी मारून बाहेर पडलात, तर अर्धा फायदा गेला. अनुक्रमणिकेतून शीर्षक गाठा आणि मग त्याच्या अलीकडची-पलीकडची शीर्षकंही वाचा. हवा असलेला शब्द अनेकदा शेजारच्या परिच्छेदात असतो, आणि कधी कधी विरुद्धार्थी बाजूला. ‘गर्दी’साठी शब्द शोधताना ‘शुकशुकाट’ भेटतो, आणि वाक्य त्या बाजूनेच सांगायला हवं होतं हे कळतं.

हाताशी काय असावं

एकट्या समानार्थी कोशावर काम भागत नाही. त्याच्या जोडीला अर्थ देणारा मोठा कोश लागतोच. मराठीत दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ला मी पहिली पसंती देतो. १९३२ ते १९३८ या काळात सात खंड आणि १९५० मध्ये पुरवणी असा त्याचा पसारा आहे. त्यात अर्थासोबत लिंग, वाक्प्रचार आणि प्रांतिक शब्दांपुढे प्रदेशाची खूणही दिलेली असते. वऱ्हाडी आणि नागपुरी शब्दांना त्यात जागा आहे, हे आपल्यासाठी मोलाचं. दुसरा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची. शब्दांच्या छटा तो इतक्या बारकाईने सांगतो, की दोन जवळच्या शब्दांतला फरक कळायला आजही उपयोगी पडतो. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालयात मोफत पाहता येतात.

तिसरं साधन आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘मराठी शब्दबंध’. यात एका अर्थाचे शब्द एका संचात ठेवलेले असतात, आणि त्या संचाची व्याख्या व उदाहरणाचं वाक्यही मिळतं. नुसत्या यादीपेक्षा हे कितीतरी बरं. विज्ञान, कायदा, प्रशासन यांवर लिहिणार असाल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. मोठे खंड विकत घ्यायलाच हवेत असं नाही. एखाद्या चांगल्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात एक दुपार बसून ते चाळा. छोटा समानार्थी कोश मात्र स्वतःचा असावा, नागपुरात बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांतून घेतलेला असला तरी चालेल.

पहिली पायरी: मसुदा संपेपर्यंत कोश बंद

लिहिता लिहिता कोश उघडू नका. वाक्याचा ओघ तुटतो, आणि एका शब्दासाठी गेलेला माणूस अर्ध्या तासाने परत येतो. शब्द सुचला नाही तर जो येईल तो लिहा, त्याभोवती गोल करा, पुढे चला. मसुदा पूर्ण झाल्यावर एक दिवस जाऊ द्या आणि मग गोल केलेल्या शब्दांकडे या. त्यातले काही गोल आता उगाच वाटतील. ते पुसून टाका.

दुसरी पायरी: शब्द का खटकतोय ते लिहून काढा

ही पायरी सगळे वगळतात, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. गोल केलेल्या प्रत्येक शब्दाशेजारी समासात कारण लिहा. बहुतेक वेळा कारण चारांपैकी एक असतं. नेमका शब्द माहीत आहे पण आठवत नाही. किंवा शब्द सैल आहे: छान, मोठा, खूप, वेगळा, गोष्ट. किंवा शब्द त्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. किंवा तोच शब्द पुन्हा पुन्हा येतोय.

पहिल्या तीन कारणांसाठी कोश जरूर उघडा. चौथ्यासाठी उघडण्याआधी विचार करा. पुनरुक्ती टाळण्याची सवय आपल्या मनावर निबंधाच्या तासापासून बिंबलेली आहे आणि तिने मजकुराचं मोठं नुकसान होतं. विदर्भातलं नेहमीचं उदाहरण घ्या. गावाजवळ बिबट दिसल्याची बातमी आहे. पहिल्या वाक्यात ‘बिबट’, दुसऱ्यात ‘बिबट्या’, इथवर ठीक. तिसऱ्या वाक्यात पुनरुक्ती नको म्हणून ‘वाघ’ लिहिलात, तर बातमी खोटी झाली. गावात बोलताना लोक बिबटालाही वाघ म्हणतात, ते त्यांच्या बोलण्याच्या संदर्भात बरोबर असतं. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि वनविभागाची पुढची पावलंही त्यावर ठरतात. पाककृती, औषधाच्या सूचना, करारनामा, यंत्राची माहिती, बातमी या सगळ्यांत एका वस्तूला शेवटपर्यंत एकच शब्द हवा. कथेतल्या ‘म्हणाला’लाही शक्यतो हात लावू नका. ‘उद्गारला’, ‘वदला’, ‘कथन केले’ असे बदल केले की वाचकाचं लक्ष संवादावरून उडून लेखकाकडे जातं.

तिसरी पायरी: योग्य नोंद शोधा

मराठी शब्द वाक्यात मूळ रूपात क्वचितच भेटतो. ‘रस्त्यावरून’ शोधायचं असेल तर ‘रस्ता’, ‘भांडताना’साठी ‘भांडणे’. विशेषणाखाली काही मिळालं नाही तर त्याच अर्थाच्या नामाखाली पाहा: ‘रागीट’ नाही तर ‘राग’, तेही नाही तर ‘रागावणे’. शोधाची सुरुवात नेहमी सर्वांत साध्या शब्दापासून करा, कारण मोठ्या याद्या साध्या शब्दांखाली असतात. ‘क्रोध’ काढलात तर संस्कृत शब्दांची रांग मिळेल. ‘राग’ काढलात तर चीड, संताप, वैताग, रुसवा, फुगवा, चडफड असं सगळं माणसांचं जग समोर येईल.

चौथी पायरी: यादी चाळा, एकेक शब्द तपासा

खरं काम इथे आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा मसुद्यात ही वाक्यं आहेत:

‘मे महिन्यात नागपुरात खूप गरमी असते. दुपारी खूप गरमी असल्यामुळे लोक बाहेर पडत नाहीत. रात्रीसुद्धा खूप गरमी होते.’

समासात कारण लिहिलंय: शब्द सैल. कोश उघडल्यावर यादी मिळते: उष्णता, उष्मा, ऊब, उकाडा, झळ, धग, चटका, काहिली, तलखी, रखरख, दाह. आता प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारा. ही उष्णता कुठून येते? ती कुठे जाणवते? आणि हा शब्द कोण वापरतं?

‘उष्णता’ मोजायची गोष्ट आहे. ती विज्ञानाच्या पुस्तकात आणि हवामानाच्या वृत्तात राहते. ‘ऊब’ गोधडीची, आईच्या कुशीची, थंडीतल्या कोवळ्या उन्हाची. ती सुखाची असते, म्हणून मे महिन्याला चालणार नाही. ‘उष्मा’ वर्तमानपत्री आहे, ‘उष्माघात’ या शब्दामुळे ओळखीचा झालेला. ‘दाह’ अंगाच्या आत होतो आणि वैद्यांच्या बोलण्यात शोभतो.

‘उकाडा’ मात्र फसवा. बहुतेक जण इथे तोच निवडतील. पण उकाड्यात हवा कोंदलेली असते, वारा पडलेला असतो, घाम निघतो आणि वाळत नाही. हा अनुभव मुंबईचा, कोकणाचा. नागपुरात तो येतो पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर, जेव्हा कूलर लावला तरी अंग चिकट राहतं. नवतप्यातली, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक तापत्या दिवसांतली, हवा कोरडी असते. तिला ‘उकाडा’ म्हटलं तर इथे राहणाऱ्या वाचकाला लगेच कळतं की लिहिणाऱ्याने मे महिना नीट आठवला नाही.

‘झळ’ वाऱ्यासोबत येते आणि चेहऱ्यावर बसते. तिचं अनेकवचन ‘झळा’ अधिक वापरात आहे. ‘धग’ला जवळ काहीतरी तापलेलं लागतं: चूल, तवा, दिवसभर ऊन खाल्लेली भिंत. ‘चटका’ला स्पर्श लागतो. ‘काहिली’ हवेची होत नाही, अंगाची होते. ‘तलखी’त अंगासोबत जीवही अस्वस्थ होतो, ती ‘तगमग’च्या जवळची. ‘रखरख’ डोळ्यांना दिसते: सावली नसलेला रस्ता, पान न हलणारं झाड.

एवढं तपासल्यावर वाक्यं अशी होतात:

‘मे महिन्यात दुपारी गाडीवर निघालं की तोंडावर झळा येतात. उन्हात ठेवलेल्या गाडीच्या सीटला हात लागला तर चटका बसतो. वर्धा रोडवर नजर जाईल तिथे नुसती रखरख. रात्री जेवणं आटोपली तरी भिंतींची धग ओसरत नाही.’

काय घडलं ते पाहा. ‘गरमी’च्या जागी दुसरा शब्द ठेवून भागलं नाही. ‘झळा’ आल्या तशी गाडी आली, चेहरा आला. ‘चटका’ आला तशी सीट आली. ‘धग’सोबत भिंत आली. ‘खूप’ हा शब्द तर आपोआप गळून पडला. समानार्थी कोशाचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो: यादीतले शब्द एकमेकांपासून वेगळे करता करता आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते आपल्यालाच उलगडतं. म्हणून यादीतला पहिला बरा शब्द उचलून परत फिरू नका.

आणि एक नियम कडक पाळा. जो शब्द तुम्ही आधी कधी वाचलेला किंवा ऐकलेला नाही, तो केवळ यादीत सापडला म्हणून त्याच दिवशी वापरू नका. मोठ्या कोशात त्याचा अर्थ पाहा, दोन-तीन चांगल्या लेखकांच्या वाक्यांत तो भेटू द्या, मग वापरा.

पाचवी पायरी: शब्दाचे सोबती तपासा

मराठीत शब्द बदलला की लिंग बदलू शकतं आणि सगळं वाक्य हलतं. ‘मोठा वृक्ष पडला’ पण ‘मोठं झाड पडलं’. ‘अरुंद रस्ता संपला’ पण ‘अरुंद वाट संपली’. संगणकावर एक शब्द बदलून पुढे गेल्याने राहिलेल्या अशा चुका छापील मजकुरातही दिसतात.

नामाचं क्रियापद ठरलेलं असतं, हे त्याहून महत्त्वाचं. भीती वाटते. धसका बसतो किंवा घेतात. दहशत पसरते. बापाचा धाक असतो, साहेबांचा दरारा असतो. ‘त्याला अंधाराचा दरारा वाटला’ हे वाक्य व्याकरणात बसतं, मराठीत बसत नाही. म्हणून शब्द निवडताना त्याचं क्रियापदही सोबत लिहून घ्या.

वाक्प्रचारातला शब्द तर हलवायचाच नाही. ‘पाण्यात पाहणे’चं ‘जलात पाहणे’ होत नाही, ‘वाट लागणे’चं ‘रस्ता लागणे’ होत नाही, आणि आपल्याकडे ज्याला ‘ऊन लागतं’ त्याला ‘उष्णता लागत’ नाही.

सहावी पायरी: कोण बोलतंय, कोण ऐकतंय

मरणासाठी मराठीत किती शब्द आहेत ते पाहा: निधन झालं, वारले, गेले, देवाज्ञा झाली, दगावला, मेला. कोश हे सगळे एका ओळीत ठेवतो. पण रुग्ण, तान्हं बाळ किंवा जनावर ‘दगावतं’. घरातलं वडीलधारं माणूस ‘जातं’. खेड्यातला म्हातारा ‘माझी माय मेली तवा मी लहान होतो’ असं म्हणतो, त्यात अनादराचा लवलेश नसतो. त्याच्या तोंडी ‘निधन’ घातलं तर माणूसच खोटा वाटतो.

नागपुरात लिहिणाऱ्याला तर हे भान जास्तच हवं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. ‘महापरिनिर्वाण’ आणि ‘निधन’ अर्थाच्या यादीत शेजारी असतील, पण दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखोंच्या भाषेत त्या दिवसाचं नाव एकच आहे. ‘धम्म’ आणि ‘धर्म’ यांचंही तसंच. ज्या समाजाबद्दल लिहितो, तो समाज स्वतःसाठी जो शब्द वापरतो तो आधी ऐकावा. जुन्या कोशांत जातींविषयी, स्त्रियांविषयी, अपंगांविषयी असे अनेक शब्द आहेत जे त्या काळाची साक्ष म्हणून वाचायचे असतात. यादीत दिसले म्हणून ते आज वापरायला मोकळे होत नाहीत.

हिंदीचा शेजार

आपल्या शहरात घरी मराठी आणि बाजारात हिंदी, हे रोजचं आहे. त्यामुळे ‘समांतर कोश’ नागपूरकराला सहज वाचता येतो आणि कल्पनेची शेजारची दालनं पाहायला तो उत्तम आहे. त्यातून विचार घ्या, शब्द घेताना थांबा. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीतलं ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आपलं म्हणजे शोधकार्य. हिंदीत गाण्याचा ‘अभ्यास’ म्हणजे रियाज. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. हे शब्द देवनागरीत सारखेच दिसतात, म्हणून डोळा फसतो. मोबाइलने सुचवलेल्या पर्यायांनाही हीच चाळणी लावा.

सातवी पायरी: मोठ्याने वाचा

बदललेलं वाक्य मोठ्याने वाचा. जीभ अडखळली किंवा आवाज उगाच भाषणासारखा चढला, तर आधीचा शब्द परत ठेवा. साधा शब्द परत ठेवण्यात काहीच वाया गेलेलं नसतं, आता तो पारखून घेतलेला असतो.

स्वतःचा कोश

छापील समानार्थी कोश प्रमाण मराठीकडे झुकलेले असतात. आपल्या भागातले रोजचे शब्द त्यांत विरळाच सापडतात: शेताला वावर, बांधाला धुरा, गुडघ्याला टोंगळा, बैलगाडीला बंडी, कोथिंबिरीला सांबार. हे शब्द कुठे वापरायचे ते निवेदन कोण करतंय त्यावर ठरवा. संवादात ते खुशाल येऊ द्या. निवेदनात आणायचे असतील तर अर्थ वाक्यातूनच कळू द्या. पुण्याच्या वाचकाला ‘सांबार’ म्हणजे इडलीसोबतचं वाटेल, पण ‘तर्री पोह्यांवर हिरवागार सांबार चिरून टाकला’ असं लिहिलं की स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

यासाठी एक जाड वही करा आणि ती अकारविल्हे न लावता अमरकोशासारखी वर्गवार लावा. पाऊस, शेत, स्वयंपाक, आजारपण, बाजार, नातीगोती, राग-लोभ: प्रत्येकाला चार-पाच पानं सोडा. कॉटन मार्केटमध्ये भाजी घेताना, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, आजी-आजोबांशी बोलताना जो शब्द नवा वाटेल तो त्या वर्गात लिहा. शब्द एकटा लिहू नका. ज्या वाक्यात ऐकला ते पूर्ण वाक्य, कोणत्या गावाकडचा माणूस होता आणि कोणत्या प्रसंगी बोलला, एवढं तरी सोबत असू द्या. उजवं पान ऐकलेल्या शब्दांना, डावं पान त्याच अर्थाच्या पुस्तकी शब्दांना ठेवलं तर दोन्ही एका नजरेत येतात. घरी आल्यावर तो शब्द ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त आहे का, त्याला कोणत्या प्रदेशाची खूण दिली आहे, ते पाहून कडेला नोंदवा. नाही सापडला तर तसंही लिहा. पुढचा मसुदा तपासायला घ्याल तेव्हा छापील कोशाआधी ही वही उघडा.